लामारचे तीन इंच

डेल हफमायर छातीठोकपणे सांगायचा, की इतकी वर्षं बास्केटबॉलची कोचगिरी केली, पण आपण कधी खोटं बोललो नाही. उंची सोडून! आणि उंची वाढवून सांगणं हे त्याच्या मते खोटं नव्हतंच. मासा पकडून आलेला माणूस दोन्ही हात फाकवून 'एवढा होता' म्हणतो, तेव्हा त्याला कोणी खोटारडा म्हणतं का? मग खेळाडूच्या नावापुढे दोन इंच जास्त छापले तर कोणाच्या पोटात का दुखावं?

मिलेट क्रीक हे कॅन्ससमधलं गाव. गावात सगळ्यांत उंच धान्याची कोठारं, त्याखालोखाल डेलची पोरं. डेलचं कॉलेज दोनच वर्षांचं. ज्यांना थोरल्या विद्यापीठांनी दारात उभं केलं नाही, ती पोरं इथे यायची आणि दोन वर्षं घाम गाळायची. पुढे कोणीतरी आपल्याला वर उचलेल, टीव्हीवर दिसणाऱ्या संघात घेईल आणि पदवीपर्यंतची फी माफ होईल, एवढ्या एका आशेवर ती जगत. उचललं जाणं मात्र क्वचित. डेलचा शेवटचा खेळाडू थोरल्या संघात गेला, तेव्हा डेलच्या डोक्यावर केस होते.

आणि आता लामार प्रुइटची पाळी आली होती. लामार विचिटा शहरातला. हात लांब, स्वभाव गरीब, आणि रिंगवरून उडालेला चेंडू घारीसारखा टिपणारा. शाळेने त्याच्या खऱ्या उंचीत एक इंच मिसळला होता, का तर बूट घातल्यावर तेवढा होतोच. डेलने त्यात आणखी दोन मिसळले, का तर देवाच्या मनात ते असणारच. सहा फूट सहाचा लामार अशा रीतीने सामन्याच्या कार्यक्रमपत्रिकेत सहा फूट नऊ झाला होता. कोणाचं काही बिघडलं नव्हतं. आणि मग एका थोरल्या विद्यापीठातून कोच ब्रँडिजचा फोन आला, की आम्हाला उंच पोरगा हवा आहे, रविवारी चर्चनंतर मुलाच्या घरी जेवायलाच येतो.

डेलची पाचावर धारण बसली. कारण नुसता माणूस आला असता तर निभावलं असतं. हा ब्रँडिज स्वतः एके काळचा गाजलेला खेळाडू होता. आणि त्याच्या खेळायच्या दिवसांत त्याचं नाव पुकारलं जायचं ते 'सहा फूट नऊ इंच' असंच! तो लामारच्या शेजारी उभा राहिला की लामारचं डोकं त्याच्या कानाला लागणार, आणि डेलचं पितळ तिथल्या तिथे उघडं पडणार. त्यात लामारचं आयुष्य धुळीला मिळालं असतं. पोरगं परत विचिटाला जाऊन कुठल्यातरी गोदामात खोकी रचत बसलं असतं. या विचाराने डेलला जेवण जाईना. तो वाईट माणूस नव्हता. फक्त ढिलाईने मोजायचा.

मग त्याने योजना आखली. एक तर लामारने डोक्यावरचे केस वाढवून वर विंचरायचे. दुसरं, रविवारच्या बुटांत जुन्या कुस्तीच्या गादीचे तुकडे कोंबायचे. आणि तिसरी युक्ती तर डेलला स्वतःलाच इतकी आवडली, की तो मांडीवर थाप मारून हसला. घरातले दरवाजे असतात सहा फूट आठचे. सहा फूट नऊचा माणूस दारातून जाताना वाकतो. जाणकार नजर नेमकी तेवढंच बघते. तेव्हा लामारने वाकायचं!

लामारला यातलं काहीच पटलं नव्हतं, पण कोचचा शब्द मोडायची त्याला सवय नव्हती. आठवडाभर त्याने कपडे बदलायच्या खोलीच्या दारातून आत-बाहेर करत वाकायचा सराव केला. इतका केला, की पुढे तो बसथांब्याच्या छपराखाली वाकू लागला, झाडाखाली वाकू लागला. गुरुवारी तर डेलने त्याला मोकळ्या मैदानात विजेच्या तारेखाली वाकताना पाहिलं. डेल म्हणाला, शाबास.

रविवारी डेल लवकरच विचिटाला पोचला आणि दारातच त्याला पहिला धक्का बसला. लामारच्या डोक्यावर एकही केस उरला नव्हता.

लामारची आई व्हर्निटा शाळेची बस चालवायची. साठ पोरांना नुसत्या आरशातल्या नजरेने गप्प बसवणारी बाई. तिने हात पुसत शांतपणे सांगितलं, "पाहुणा जेवायला येणार आणि माझा मुलगा डोक्यावर झुडूप घेऊन बसणार? मीच भादरलं काल."

दीड इंच कचऱ्याच्या डब्यात गेला होता! आता सगळी भिस्त गाद्यांवर. त्याने लामारला मागच्या अंगणात नेलं आणि दोन्ही बुटांत आणखी एकेक थर ठोसून भरला. लामारचं पाऊल त्यात काही केल्या मावेना. डेलने गुडघे टेकून, दात-ओठ खाऊन ते आत ढकललं. लामार उभा राहिला तो डोळ्यांत पाणी घेऊनच.

तेवढ्यात गाडी थांबली आणि कोच ब्रँडिज आला. गोरापान, रुंद खांद्यांचा, चांगला भव्य माणूस. उंबरठ्यावर त्याने मान खाली घातली, वाकून आत आला आणि सरळ झाला. 'वाकला,' डेल मनात म्हणाला, 'खरा सहा फूट नऊ.' त्याच वेळी स्वयंपाकघराच्या दारातून लामारही वाकून बाहेर आला, लंगडत लंगडत पुढे झाला आणि हात मिळवायला ब्रँडिजसमोर उभा राहिला.

डेलने डोळे मिटून घेतले होते. हळूच एक उघडून पाहिलं तर काय! दोघांची नजर समोरासमोर. नव्हे, लामार दोन बोटं वरच. डेलचा स्वतःवरचा विश्वास उफाळून आला. काय पण गादी! उगीच आपण ती कुस्तीवाल्यांना इतकी वर्षं वापरू दिली!

सगळे जेवायला बसले. तळलेली कोंबडी होती, मॅकरोनी होती, मक्याचा पाव होता. पण ब्रँडिजचं जेवणात लक्ष नव्हतं. आई लामारला काही ना काही आणायला आत पाठवत होती, आणि लामार प्रत्येक खेपेला लंगडत जाई, दारात वाकून आत शिरे, वाकून बाहेर येई. चौथ्या खेपेला ब्रँडिजने काटा खाली ठेवला आणि हलक्या आवाजात डेलला विचारलं, की मुलाच्या गुडघ्याचं काय झालंय?

डेल म्हणाला, काही नाही, त्याची चालच तशी ऐटबाज आहे.

"आणि मान? प्रत्येक दारात मान आखडल्यासारखी खाली का जाते?"

उचलली जीभ लावली टाळ्याला, ही डेलची जुनी खोड. "तो फार देवभोळा आहे," तो म्हणाला. "दार दिसलं की मनातल्या मनात प्रार्थना करतो."

व्हर्निटाबाईंनी सावकाश मान वळवून डेलकडे पाहिलं. बसच्या आरशातून पाहत तसंच. डेलला आपण तिसरीत आहोत आणि खिशात बेडूक सापडलाय असं वाटलं.

ब्रँडिजने खुर्ची मागे सरकवली. त्याला खरंच वाईट वाटत होतं, ते चेहऱ्यावर दिसत होतं. तो म्हणाला, की मुलगा गुणी आहे, मी त्याचे सहा सामने पाहिलेत, पण गुडघा आणि मणका दोन्ही गेलेला खेळाडू मी नेला तर आमचे डॉक्टर मला उभं करणार नाहीत. इथेच थांबलेलं बरं.

लामार दारातच उभा होता, हातात लोण्याची बशी. उंची चोरायला जाऊन डेलने त्याचे पायच मोडून ठेवले होते. आता मात्र डेलला स्वतःची लाज वाटली, अगदी मनापासून. तो तोंड उघडणार, एवढ्यात व्हर्निटाबाईंनी ते काम हातात घेतलं.

"लामार, बूट काढ."

लामारने बूट काढले. दोन्ही बुटांतून निळ्या गादीचे थरांवर थर बाहेर पडले, आणि लामारने इतका लांब निःश्वास सोडला की टेबलावरची मेणबत्ती विझली.

"माझ्या मुलाच्या गुडघ्याला काहीही झालेलं नाही," बाई म्हणाल्या. "त्याच्या कोचच्या डोक्याला झालंय. मुलगा सहा फूट सहा आहे. त्याच्या विजारी मी विकत आणते, मला माहीत आहे. हवा असेल तर न्या, नको असेल तर जेवून जा. पण माझ्या घरात रविवारी कोणी खोटं बोलायचं नाही."

डेल खाली बघत कबूल झाला. ब्रँडिज उठून लामारजवळ गेला आणि त्याच्यासमोर उभा राहिला. डेलने वर पाहिलं, आणि पाहतच राहिला. लामारच्या पायात आता नुसते मोजे होते. गादी नाही, केस नाहीत. तरीही दोघांची नजर समोरासमोरच! हे गणित काही केल्या सुटेना. सहा फूट नऊच्या माणसासमोर सहा फूट सहाचा पोरगा तेवढाच कसा? का ब्रँडिज म्हातारपणाने आटला?

व्हर्निटाबाईंना गणित कधीच सुटलं होतं. "तुम्हीही काढा बूट," त्या पाहुण्याला म्हणाल्या.

"बाई, त्याची काही गरज—"

"मघाशी तुम्हीही वाकलात. माझ्या दारातून तुमच्यासारखी दोन माणसं ताठ जातील. काढा."

साठ पोरं ज्या आवाजाला बसतात, त्या आवाजाने ब्रँडिज खुर्चीत बसला आणि निमूट बूट काढू लागला. बाईंनी दोघांना पाठीला पाठ लावून उभं केलं, स्टुलावर चढून दोघांच्या टाळूवर भाजी कापायची फळी आडवी ठेवली आणि तिच्यावर मधोमध पीचचं एक गोल फळ ठेवलं. पीच क्षणभर थांबलं. मग हळूहळू घरंगळत ब्रँडिजच्या बाजूने खाली पडलं.

"पाव इंच कमी," ब्रँडिज कसनुसा होऊन म्हणाला. "आमच्या कोचने छापताना सव्वातीन इंच चढवले होते. तेव्हापासून वाकतोय. आता सवयच झालीय. माझ्या बायकोलासुद्धा माहीत नाही."

"तिला माहीत आहे," व्हर्निटाबाई स्टुलावरून उतरत म्हणाल्या. "तुमच्या विजारी कोण आणतं?"

ब्रँडिजने स्वतःच्या विजारीकडे पाहिलं. त्याच्या संसारातली बरीच वर्षं त्याच्या डोळ्यांसमोरून सरकत असावीत.

लामार आतापर्यंत एक शब्दही बोलला नव्हता. तो आता बोलला. "सर, म्हणजे सहा फूट सहाचा असून मी तिथे खेळू शकेन?"

ब्रँडिज वळला. या वेळी त्याच्या बोलण्यात काहीच चढवलेलं नव्हतं. "मी चार वर्षं खेळलो, पोरा. माझ्याहून उंच माणसांकडून चेंडू काढून घेतला. आणि मी तुझ्याहून पाव इंच कमी. ये तू. तुझी जागा पक्की."

व्हर्निटाबाई घाईघाईने पीच शोधायला टेबलाखाली वाकल्या आणि बराच वेळ वर आल्या नाहीत. डेलने नाक शिंकरलं. लामार हसत होता, आणि त्याच्या हातातल्या बशीतलं लोणी वितळून चाललं होतं.

जाताना मात्र ब्रँडिजने डेलला गाडीजवळ बाजूला घेतलं. एक अडचण होती. संघाचा फोटो निघतो तेव्हा तो स्वतः मधोमध उभा राहतो. शेजारी सहा फूट सहा छापलेला मुलगा आपल्याहून वर दिसला, तर लोक काय म्हणतील?

"मग काय छापायचं?" डेलने विचारलं.

"सहा फूट दहा," ब्रँडिज म्हणाला. "उद्या. आज रविवार आहे."

डेल तरंगतच मिलेट क्रीकला परतला. आपला पोरगा थोरल्या संघात गेला! आणि एका दुपारीत आणखी एक इंच वाढला! घरी त्याची बायको लोरीन स्वयंपाकघरात भांडी पुसत होती. तिला कधी एकदा सगळं सांगतो असं होऊन डेल आत शिरला, आणि शिरताना दारात त्याने अदबीने मान वाकवली.

लोरीनने आधी दाराकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. डेलच्या डोक्यावर आणखी एक लहान मूल उभं राहिलं असतं, एवढी जागा होती.

"तू कशाला वाकतोस, पाच फूट सहा?"

"पाच फूट आठ," डेल म्हणाला.

लोरीनने फक्त शिवणाच्या टोपलीकडे पाहिलं. तिथे डेलची नवी विजार पडली होती, खालून दोन इंच दुमडून टाचण्या लावलेली.