अण्णांचं शेजार-धोरण

आमचे शेजारी अण्णा बोलत नाहीत, घोषणा करतात. नळाला पाणी आलं की दारात उभे राहून, कानाशी हात नेऊन, नाकातून सुरू: "वडवणीच्या नागरिकांनी नोंद घ्यावी, नळाला पाणी आलेलं हाय!" जन्मभर वडवणीच्या स्टँडवर एसटीचे कंट्रोलर होते. बीडची गाडी लागली की माईकवर सांगायचे. माईक सुटला, सवय सुटली नाही. भल्या पहाटे या आवाजानं उठायचं म्हणजे काय, ते माझ्या बायकोला विचारा.

दुसरं वेड परराष्ट्र धोरणाचं. टीव्हीवर चीनच्या सीमेची बातमी लागली की अण्णा बातमी देणाऱ्या पोरीवरच खेकसतात. "वरडू नको बाई! शेजारी मोठा व्हायला लागला की वरडायचं नसतं. बोलणी चालू ठिवायची, व्यापार चालू ठिवायचा, अन् आपली जागा सोडायची न्हाई. कळलं का बे, बियाणंवाले?" हे शेवटचं मला. माझं बी-बियाण्याचं दुकान आहे. मला सोयाबीन कळतं, चीनचं काय कळणार, डोंबल!

खरी गंमत अशी, की अण्णांची महासत्ता त्यांच्या भिंतीपलीकडेच उगवली होती. अंकुश. आधी पंक्चर काढायचा. मग ट्रॅक्टर आला, मग जेसीबी, आता तीन मजली बंगला. अण्णांच्या अंगणातलं सकाळचं ऊन त्या बंगल्यातच अडकतं. अंकुशनं कॅमेरा बसवला, तसे अण्णा रोज त्याच्यासमोर उभे राहून भांग पाडायला लागले. "टेहळणी करतो का? करू दे. आपण नीट दिसलं पायजे." त्यानं जनरेटर आणला, तर अण्णांनी माळ्यावरचा कंदील काढून घासला. एक दिवस मला स्टँडवरची गरम भजी आणून दिली. मी आपली मिटक्या मारत खाल्ली. नंतर कळलं, मी आघाडीत सामील झालोय!

दोन्ही घरांच्या मधे एक जुनी बुटकी भिंत आहे आणि तिच्यात हातभर खिडकी. कमलकाकू, म्हणजे अण्णांच्या मंडळी, होत्या तोवर त्या खिडकीतून वाट्या यायच्या-जायच्या. वाटी रिकामी परत द्यायची नाही, हा आमच्याकडचा रिवाज, त्यामुळे देवघेव कधी संपतच नसे. काकू गेल्या आणि सगळं थांबलं. अण्णांना खानावळीचा डबा सुरू झाला. अंकुशशी बोलणं नुसत्या रामरामावर आलं.

गेल्या महिन्यात अंकुशकडं विटा उतरल्या. भिंत उंच होणार, खिडकी बुजणार. मी पेटलोच.

"अण्णा, भिंत सामाईक आहे. नगरपंचायतीत अर्ज टाकू!"

"युद्ध न्हाई," अण्णा म्हणाले. "आपली तेवढी ताकद न्हाई, अन् मला करायचंबी न्हाई. बोलणी करायची." आणि आत निघून गेले.

थोड्या वेळानं त्यांच्या घरातून करपल्याचा वास आला. मी धावलो. अण्णा घामाघूम होऊन कढईत शिरा ढवळत होते. निम्मा काळा झालेला. ओट्यावर स्टीलची वाटी, तिच्यावर नाव कोरलेलं: सौ. सुमन. अंकुशच्या बायकोची.

"ही अजून तुमच्याकडं?"

"तुझ्या काकूच्या आजारपणात सुमननं यात खिचडी दिलती. तिनं दोन घास खाल्ले. मग..." अण्णांनी गॅस बंद केला. "रिकामी कशी देऊ? विकतचं घालायचं न्हाई, हा तुझ्या काकूचा नियम. अन् मला येतंय काय? त्यांना वाटलं आसंल, अण्णा फुगलाय. तसं न्हाई रे. मला लाज वाटायची."

एवढा तोंडाळ माणूस, आणि एका वाटीपायी मुका झाला होता!

वाटी घेऊन अण्णा खिडकीशी गेले. मिस्त्री थापी घेऊन उभाच होता. अण्णांनी कानाशी हात नेला, पण घोषणा निघेना. शेवटी साध्या आवाजात म्हणाले, "सुमन, ए पोरी."

सुमन आली. वाटी ओळखली आणि पदर डोळ्यांना लावला. मागून अंकुश आला. त्यानं बोटानं शिरा चाखला आणि तोंड वेडंवाकडं केलं.

"अण्णा, लई करपलाय."

"करपलाच हाय."

"इतके दिवस काहून बोलला न्हाईत?"

अण्णांनी वाटी पुढं सरकवली. अंकुशनं पुन्हा एक घास घेतला, या वेळी मोठा, आणि खातखातच मिस्त्रीला म्हणाला, "भिंत वर घे. खिडकी मातर ऱ्हाऊ दे."

संध्याकाळी ती वाटी वांग्याच्या भाजीनं काठोकाठ भरून आली. मी गेलो तेव्हा टीव्हीवर चीन चालू होता, पण अण्णांचं तिकडं लक्षच नव्हतं. घासलेली वाटी मांडीवर घेऊन बसले होते.

"दिलीप," त्यांनी हळूच विचारलं, "तुझ्या बायकोला इचार बरं, मला लवकर शिकता येईल असं काय हाय? उद्या वाटी द्यायचीय."