हरवलेले रफार

‘जुनं सगळं पुसून टाकू का?’ असं कॉम्प्युटरने विचारलं, तेव्हा धम्मरत्नने मावशीकडे न बघताच ‘होय’वर टिचकी मारली.

धम्मरत्न बुलढाण्याच्या एका कॉलेजात प्रयोगशाळा सहायक होता आणि लिनक्सचा कट्टर भक्त होता. लग्न असो, बारसं असो, बसमधला अनोळखी शेजारी असो, गाडी तिथेच यायची : कॉम्प्युटर चालवणारी फुकटची सिस्टीम, व्हायरसची कटकट नाही, जुनं मशीनही धावतं. त्या रविवारी तो बायकोला, अश्विनीला घेऊन दुसरबीडला महामाया मावशीकडे आला होता. मावशी निवृत्त शिक्षिका. तिचा कॉम्प्युटर सुरू व्हायला इतका वेळ घ्यायचा की बटण दाबून ती मेथी निवडायला बसायची.

“माह्या फाइली?” मावशीने विचारलं.

“समद्या पेनड्राइव्हमंदी घेतल्या. मी काय येडा हाय, मावशे?”

तासाभरात नव्या सिस्टीमवर कॉम्प्युटर खरोखर पळायला लागला. गाणी वाजली, नातवाचे फोटो दिसले. मावशी हरखली आणि तिने आपली स्मरणिका उघडली. गावच्या वाचनालयाला पंचवीस वर्षं होत होती. त्यासाठी सहा महिने खपून तिने चाळीस पानं टाइप केली होती आणि ती दुसऱ्या दिवशी सकाळी छापखान्यात द्यायची होती. पडद्यावर मात्र इंग्रजी अक्षरं, टिंबं, कंस आणि टक्क्यांची खिचडी झाली होती.

“हे कोनती भाषा व्हय रे?”

धम्मरत्नने फाइल बंद करून पुन्हा उघडली; खिचडी तीच. मावशीने जुन्या मराठी टायपिंगच्या प्रोग्रॅमवर काम केलं होतं. अक्षरांचा तो साचा त्या प्रोग्रॅमचाच, आणि प्रोग्रॅम त्याने पुसला होता.

“त्याची सीडी असंल ना?”

“हाय ना. परसात पेरूले टांगली. पाखरं येत नाहीत.”

तो धावत गेला. तीन उन्हाळे खाल्लेल्या त्या सीडीतून पलीकडचं आभाळ दिसत होतं.

शेवटी इंटरनेटवर त्याला जुनी अक्षरं नव्यात बदलून देणारं काहीतरी सापडलं. पानं मराठीत आली. त्याने सुस्कारा सोडला. मावशीने चष्मा चढवला.

“अन् माहे रफार कुठं गेले?”

सगळे रफार गळाले होते. ‘कर्तव्य’चं ‘कतव्य’ झालं होतं, ‘वर्गणी’ची ‘वगणी’, ‘स्वर्गवासी’ मंडळी ‘स्वगवासी’ झाली होती. मग दिवे लागेपर्यंत मावशी वाचत गेली आणि धम्मरत्न एकेक रफार हाताने बसवत गेला. अश्विनी चहा आणून ठेवायची, पडद्याकडे बघायची आणि काही न बोलता जायची.

पुढच्या रविवारी वाचनालयापुढे मांडव पडला. कोऱ्या स्मरणिका वाटल्या गेल्या. सूत्रसंचालन इंद्रभान गुरुजींकडे होतं आणि ते छापलेल्या अक्षराबाहेर जाणारे गृहस्थ नव्हते. त्यांनी पहिलं पान धरून खणखणीत आवाजात वाचलं, “आता दोन शब्द बोलतील आपले कायाध्यक्ष, माननीय माणिकराव!”

माणिकराव म्हणजे प्लास्टिकची खुर्ची दोन्ही हातांनी दाबून बघितल्याशिवाय न बसणारी असामी. बायकांच्या बाजूने पहिली फिस्स निघाली आणि सगळा मांडव फुटला. धम्मरत्नने मान इतकी खाली घातली की त्याला स्वतःच्या शर्टाचं शेवटचं बटण दिसलं. नेमका पहिल्या पानावरचा रफार राहिला होता.

मावशी उभी राहिली. “टाइप म्या केलं. चूक माही हाय. माफ करा, माणिकराव.”

धम्मरत्नने उठायला हवं होतं. तो बसूनच राहिला.

“माफी काहाची, बाई?” माणिकराव पोटावरून हात फिरवत म्हणाले. “पंचवीस सालांत माह्याबद्दल एवढं खरं कोनी छापलं नव्हतं!”

हशा पुन्हा उसळला, पण धम्मरत्नला त्यात हसता येईना. पोरांचे निबंध तपासत जिचा जन्म गेला, तिने भर मांडवात चूक कबूल केली होती, आणि तीही त्याची.

मावशीच्या घरी आल्यावर तो चपला काढायच्या आधीच म्हणाला, “मावशे, म्या उठाले पाहिजे होतं. चूक माही होती. तुही जुनी सिस्टीम परत टाकून देतो.”

“राहू दे. सिस्टीम झ्याक हाय. गडबड तिची नाही. तू मले एक डाव इचारलं पाहिजे होतं, ‘मावशे, तू यावर करतंस काय?’”

धम्मरत्न मान हलवत राहिला. तेवढ्यात इतक्या दिवसांची गप्प अश्विनी बोलली.

“मावशी, आमच्या घरी तरी कुठं हाय ते लिनक्स? माहे शिवणकामाचे नमुने जातीन म्हणून मी यांले हातच लावू देल्ला नाही.”

“म्हंजे सगळ्या खानदानात मी पयलीच व्हय?” मावशीने विचारलं.

धम्मरत्न भिंतीवरच्या कॅलेंडरमधली तारीख वाचू लागला.

मावशीने चष्मा पुसला. आठवडाभरात ती नव्या अक्षरांवर टाइप करायला शिकली होती, रफारासकट; सिस्टीम कशी टाकायची तेही तिने वहीत उतरवून घेतलं होतं.

“अश्विनी, दिवाळीत येतो मी बुलढाण्याले. तुहे नमुने आधी नीट काढून ठेवू, तपासू, मंग लिनक्स लावून देतो तुह्या कॉम्प्युटरवर.” ती धम्मरत्नकडे वळली. “तू फक्त चहा कर.”