मार्सालफोर्न की श्लेन्दी

"श्लेन्दी नको," विस्तिन म्हणाला. "गाडी लावायला जागा नाही. दोन कड्यांच्या मधे माणसं कोंबलेली."

"मग मार्सालफोर्न?" बायकोने, फिलोमेनाने विचारलं.

"तिथे आपली अख्खी गल्ली असते."

ऑगस्टात माल्टाची माणसं एकमेकांना कंटाळून बोटीने गोझो बेटावर, श्लेन्दी नाहीतर मार्सालफोर्नच्या किनाऱ्यावर जातात आणि तिथे एकमेकांनाच भेटतात. तरी जागा निवडताना विस्तिन स्वतःला सेनापती समजे. फिलोमेनाला जागेचं काही पडलं नव्हतं. तिला फक्त एक आठवडा हवा होता, ज्यात ओव्हन तापणार नाही आणि नणंद पावलिना दारात उभी राहणार नाही. ही बाई दर रविवारी येऊन भाजलेली मॅकरोनी तीन-तीनदा वाढून घेई. वर भांडंही खरवडून खाई.

"ताईला सांगू श्लेन्दी, आणि जाऊ मार्सालफोर्नला," विस्तिन म्हणाला. "आहे की नाही डोकं?"

"कधी नव्हे ते!"

पावलिनाने श्लेन्दीचा पत्ता नीट विचारून घेतला. कोणती गल्ली, किती दिवस, सगळं. "बघ, टपकणार होती," विस्तिन खूश होऊन म्हणाला.

मार्सालफोर्नला पोचल्यावर फिलोमेना पाय पसरून गच्चीत बसली. शेजारच्या गच्चीच्या आणि त्यांच्या मधे कापडाचा पडदा होता. पलीकडून ओळखीचा आवाज आला. पावलिना घरमालकिणीशी बोलत होती.

"भाऊ-भावजय श्लेन्दीला गेलेत, म्हणून मी इकडे आले."

"पटत नाही का हो?"

"पटतं की! पण वहिनीची ती मॅकरोनी! त्यापेक्षा दगड मऊ. मी तीन-तीनदा वाढून घेते, नाहीतर ती तोंड पाडून बसते बिचारी. हा एक रविवार देवाने दिलाय."

विस्तिनला हर्षवायू व्हायचा बाकी राहिला. "सुटलो!" तो कुजबुजला. "तीच आपल्याला टाळतेय! पडदा सरकवायचा नाही, बस्स!"

फिलोमेना उठून चपला घालत होती.

"कुठे निघालीस?"

"मॅकरोनी आणायला."

"अगं, आपण हॉटेलात जेवणार होतो ना?"

"दगड म्हणाली ती. बिचारी म्हणाली."

रविवारी दुपारी, बाहेर ऊन रणरणत असताना, घामाने निथळणाऱ्या फिलोमेनाने पडदा सर्रकन बाजूला केला. पावलिनाचा चेहरा पांढराफटक पडला.

"या वन्सं, जेवायला या."

पावलिनाने मुकाट्याने तीनदा वाढून घेतलं. चौथ्यांदा फिलोमेनाने आपणच वाढलं आणि वरून चमच्याने दाबून बसवलं.

"उद्याही या," ती म्हणाली. "आठवडाभर इथेच आहोत. ओव्हन तापलेलाच आहे."