राणी गोजराबाईंच्या माहेर-टोपाची बखर

श्रीकुळस्वामिनी साक्ष असे. जे घडले ते तिने पाहिले, जे लिहिले त्यास तीच जामीन. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, कार्तिक मास, ते समयी एका राज्यात बहुत वाईट वर्तमान जाहले, ते येणेप्रमाणे.

राजेसाहेब थोर, राज्य भरले, हत्तीखान्यात हत्ती डुलत, आणि स्वभावात खोड इतकीच की झालेला अपमान लोणच्यासारखा मुरवीत ठेवावा. त्यांच्या लग्नात सासूबाई म्हाळसाऊ भर मांडवात म्हणाल्या की, राजे, हत्ती जपता तशी माझी लेक जपा. आईच्या पोटातून आलेले बोल, परंतु राजियांनी मानिले की आपणास माहूत म्हटले, आणि त्या दिवसापासून राणी गोजराबाईंच्या माहेरची वाट बंद केली, इकडचे पाखरू तिकडे जाऊ नये, तिकडचे इकडे येऊ नये. राणीसाहेब शब्द बोलल्या नाहीत. न बोलणाऱ्या सुनेस लोक शहाणी म्हणतात, आत काय शिजते ते झाकण उघडोन कोण पाहतो? मग दिवाळीचा पाडवा आला आणि राणीसाहेब राजियांस ओवाळावयास उभ्या राहिल्या आणि निरांजनाने पदर धरला. रेशीम म्हणोन मिरवलेले ते निव्वळ नायलॉन, पेटले ते अंगास चिकटलेच, आणि हात, छाती, गळा ऐसे भाजले की पाहणारांनी तोंडे फिरविली.

मग त्रिंबक वैद्यांस पाचारण जाहले. वैद्य म्हणाले, जखमा धुवोन पट्ट्या नित्य बदलल्या तर जीव वाचेल, ना तर विष चढेल. परंतु पट्टी सोडविताना कातडे सोलल्याप्रमाणे वेदना, आणि अफूचे औषध तरी किती द्यावे? राणीसाहेबांची किंकाळी हत्तीखान्यापर्यंत जाई आणि हत्ती साखळ्या ओढीत. तेव्हा वैद्यांनी नागोजी नामे कारागिरास बोलाविले आणि त्याने एक टोप आणिला, डोळ्यांवर बांधावयाचा, आत काळोख आणि काळोखात दोन भिंगे. दरबारी मंडळी म्हणाली, चेटूक आहे. नागोजीने सांगितले, चेटूक नव्हे, बोट नाकासमोर धरा आणि एकदा डावा डोळा मिटा, एकदा उजवा, बोट हलल्यागत दिसते की नाही? दोन डोळे दोन जागांहोन पाहतात आणि मन त्या दोहोंचे एक करोन लांब-जवळ ठरविते. टोपही तेच करितो, एकेका डोळ्यास वेगळे, किंचित सरकलेले चित्र दावितो, आणि मन फसोन म्हणते, मी येथेच उभे आहे. शिवाय मान कोणीकडे वळली ते टोपास कळते आणि त्याच क्षणी चित्र वळते. पळभर उशीर जाहला तर मात्र माणसास बैलगाडी लागल्यागत उलटी होते. कानांवर आवाजाच्या वाट्या बसतात. याच टोपाने शिपाई रक्त न सांडता लढाई शिकतात, वैमानिक जमिनीवर बसोन विमान चालविणे शिकतात, शस्त्रवैद्य खोटे पोट चिरोन हात बसवितात, उंचीस भिणारांची भीती मोडते आणि न बांधलेल्या घरात फिरोन खिडकी कोठे हवी ते ठरते. फसतात ते डोळे आणि कान; अंगास स्पर्श नाही, नाकास वास नाही.

मग राणीसाहेबांस टोप चढविला आणि आत हिमाचा मुलूख दिसो लागला, पांढरा, थंड, आणि मान वळवावी तिकडे, हात न हलविता, हिमाचे गोळे फेकावे ऐसा खेळ. दासी पट्टी सोडवीत होत्या आणि राणीसाहेब गोळे फेकीत होत्या. दुखले नाही ऐसे नाही, परंतु किंकाळी नाही. वैद्य म्हणाले, मन एका वेळी एकच दरबार भरविते, तेथे खेळ बसला की दुखण्यास दाराबाहेर थांबावे लागते. जखमा कोरड्या पडो लागल्या. येथे थांबले असते तर ही बखर लिहावी न लागती.

परंतु राजियांचे मन द्रवले, आणि थोरांचे मन द्रवले की धाकट्यांनी सावध असावे. राजे म्हणाले, आमच्या राणीने परक्याच्या हिमात का खेळावे? तिचे माहेर करोन दाखवा. वैद्य हळूच म्हणाले, मग आईसच बोलवावे. राजे म्हणाले, ती बाई या वाड्यात येणार नाही, चित्र येईल. वा रे मोठेपण! आईचे चित्र चालते, आई चालत नाही.

मग नागोजी माहेरी गेला आणि चहूकडे डोळे असलेल्या यंत्राने अंगण, तुळस, दार, सगळे टिपले. म्हाळसाऊंनी पुसले, लेक बरी आहे ना? हुकूम नाही म्हणोन नागोजी गप्प. इतकेच बोलला की, तुमची लेक यात तुम्हांस पाहील, उंबऱ्यात उभ्या राहा आणि हसा. तेव्हा बाई लगबगीने भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या घेवोन आल्या. लेक दारी आली की तुकडा ओवाळोन टाकावा, पायांवर पाणी घालावे, मगच तिने आत पाऊल टाकावे, ही घरोघरची रीत. नागोजी म्हणाला, हातात काही नको, चित्र बिघडते. बाईंनी तांब्या खाली ठेविला आणि रिकाम्या हातांनी हसल्या.

मग तो टोप राणीसाहेबांस चढविला आणि पट्टी सोडावयास घेतली. राणीसाहेब म्हणाल्या, अगंबाई, आई. आणि उंबऱ्याबाहेर उभ्या राहिल्या. नागोजी विनवी की, पुढे चला, घर आतूनही केले आहे. त्या जागच्या हलेनात.

"आईने ओवाळले नाही अजून, मी आत कशी जाऊ?"

आणि त्या थांबल्या. चित्रातली आई हसत होती, तुकडा आणीत नव्हती. खेळ नाही, गोळा नाही, नुसते दाराबाहेर उभे राहणे. मग दुखणे आत शिरले ते सगळे एकदम. राणीसाहेब ओरडल्या, आई, रागावलीस का गं? आणि चित्र हसतच राहिले.

त्या दिवसापासून टोप घेईनात, हिमाचाही घेईनात, म्हणत की तिकडेही कोणी हसत उभे असेल. पट्टीस हात लावो देईनात आणि जखमांत विष चढले. तेव्हा राजियांचा ताठा मोडला आणि त्यांनी आपली गाडी पाठवोन सासूबाईंस आणविले आणि स्वतः दारात उभे राहिले. म्हाळसाऊ त्यांजकडे न पाहता आत गेल्या आणि खाटेपाशी भाकरीचा तुकडा ओवाळोन टाकिला.

राणीसाहेबांनी डोळे उघडले, पुष्कळ वेळ पाहिले आणि पट्ट्यांचे दोन्ही हात डोळ्यांशी नेले, टोप काढावयास. टोप तर नव्हताच.

म्हाळसाऊ म्हणाल्या, "गोजे, मी आलेय. बघ तरी."

आणि भाजला नव्हता तो तळपाय त्यांनी आपल्या खरखरीत हातात घेतला. राणीसाहेबांनी नागोजीस शोधीत मान वळविली आणि कौतुकाने बोलल्या,

"या खेपेस हातही केलास रे. अगदी आईसारखा."

आणि डोळे मिटले ते मिटलेच.

तात्पर्य, राज्य आहे, हत्ती आहेत, राजे आहेत. म्हाळसाऊ तो पाय सोडीनात, तो बायकांनी सोडविला. इति वर्तमान संपले.