गुलाबकाकांचा निरोप

पृथ्वीजवळून एखादा लघुग्रह जाणार अशी बातमी टीव्हीवर आली, की आमच्या आंजी गावातले गुलाबकाका दाढी करतात, धुतलेला सदरा घालतात आणि घरोघरी निरोप घ्यायला निघतात.

काका आमचे शेजारी. समोरच त्यांचं किराणा दुकान. एकटेच असतात. माझ्या नवऱ्याने त्यांना कितीदा समजावलं, की काका, तो दगड चंद्राच्याही पलीकडून जाणार आहे.

"जाईन ना तो," काका म्हणतात, "पण रस्ता चुकला तर? आपल्या एसटीले तर बोर्ड लावला असते, तरी ते भलतीकडं जाते."

उंबऱ्यात उभं राहून ते शांतपणे सांगतात, "जातो बरं का." घरातून निघताना 'येतो' म्हणायचं, 'जातो' नाही, हे लहान लेकराला कळतं. बायका तोंड फिरवतात. काका मात्र शब्द बदलत नाहीत.

त्या दिवशी ते दुकानातला गूळ वाटतात. सांडपाण्यावरून ज्यांच्याशी भांडण, त्या साहेबरावांच्या गळ्यात पडतात. दुसऱ्या दिवशी जग जागेवरच असतं. मग काका दारात येतात. "वयनी, गूळ उरला असन तर वापस द्या." तिकडे साहेबरावांशी भांडणही सुरू, जिथं थांबलं होतं तिथून.

परवा पुन्हा तशी बातमी आली. सकाळीच काका आले. नवरा सेवाग्रामच्या दवाखान्यात ड्युटीवर गेला होता. मी चहा दिला आणि विचारलं, "काका, काऊन असं करता? लोक हसतात तुम्हाला."

काकांनी कप खाली ठेवला.

"हा दगड तारीख सांगून येते, वयनी. मग सांगून जायले काय हरकत आहे? तुमची काकी सेवाग्रामच्या दवाखान्यात होती तवा डॉक्टर म्हणे, बरी आहे, उद्या घरी न्या. संध्याकाळी तिचा डोळा लागला. मी म्हटलं, उठवू कायले? तसाच बसस्टँडवर गेलो. सकाळी तिचं लुगडं घेऊन गेलतो, तर त्या खाटेवर दुसरीच बाई."

तेव्हापासून काका सेवाग्रामला गेलेले नव्हते. स्वतःचं दुखणं अंगावर काढायचे, पण तिकडे नाही.

काकांची नजर ओट्याकडे गेली.

"डबा इथंच राह्यला त्यायचा?"

सकाळी आमची कुरबुर झाली होती. नवरा डबा न घेताच निघून गेला होता. मी तसं सांगितलं.

"न बोलता गेले?" काका उठले. "द्या इकडं. मी नेऊन देतो."

"काका, तुम्ही? तिकडे?"

"द्या म्हटलं ना."

पिशवी काखेत धरून ते बसस्टँडकडे चालू लागले. दुकान दिवसभर बंद होतं.

संध्याकाळी नवरा घरी आला. हात-पाय धुवून त्याने रिकामा डबा ओट्यावर ठेवला. मग म्हणाला, "काका डबा देऊन गेले. नंतर मी वर गेलो, तर बायकांच्या वॉर्डाच्या दारात उभे. विचारलं, कोणाला भेटायचंय? म्हणाले, कोणालेच नाई. जातो म्हणून सांगाचं राह्यलं होतं."