गंगाधरकाकांचं मांगा

आमच्या शेजारचे गंगाधरकाका कधीकधी आधी पान खातात, मग ताकभात, मग भाजी-भाकरी, आणि सगळ्यात शेवटी देवाला नैवेद्य दाखवतात. देव बिचारा काय बोलणार? आपण विचारलं तर शांतपणे सांगतात, “आज मांगा जेवलो.”

हा शब्द त्यांना नातीनं दिला. पुण्यात शिकणारी रेवा सुट्टीत हिंगोलीला येताना एक पुस्तक घेऊन आली. मांगा म्हणजे जपानी चित्रकथा. त्या उजवीकडून डावीकडे वाचायच्या, त्यामुळे आपल्याला पुस्तक शेवटाकडून उघडल्यासारखं वाटतं. काकांनी त्यातलं ‘शेवटाकडून’ तेवढं उचललं आणि बाकीचं जपान जपानला ठेवलं.

तेव्हापासून डेपोत मागं सरकणारी एसटी ‘मांगा होऊन राहिली’. पुतण्यानं पळून जाऊन लग्न केलं आणि नंतर घरचे मुलगी पाहायला गेले, ते तर “बराबर मांगा”.

“आजोबा, मांगा म्हणजे नुसती चित्रांची गोष्ट. हा शब्द असा कुठंही नाही लावायचा,” रेवा वैतागायची.

“काहून? आपल्या घरी आला ना? मंग घरचं काम बी करंल.”

एवढं बोलणाऱ्या या माणसानं काकू गेल्यापासून त्यांचं नाव मात्र तोंडून काढलं नव्हतं. भेटायला येणारे “शेवटी कसं झालं?” म्हणून विचारत, आणि काका उठून नळाला पाणी आलं का बघायला जात. मला त्या लोकांचा रागच यायचा. रेवाला आजोबांची काळजी वाटायची.

परवा दुपारी आम्ही तिघं ओट्यावर बसलो होतो. समोर हळद वाळत होती, गल्ली पेंगत होती. रेवा हळूच म्हणाली, “आजोबा, आजीची गोष्ट सांगा. मांगा सांगा.”

काकांनी एकदा नळाकडे पाहिलं, पण ते उठले नाहीत. मग दवाखान्यातल्या खाटेपासून सुरू झाले. तिथून काकू घरी आल्या, गुडघ्यांची तकलीफ गेली, केस काळे झाले, मोठी मुलं लहान होऊन कडेवर बसली. काकांचा आवाज मोकळा होत गेला. शेवटी नरसीच्या रस्त्यावर वऱ्हाडाचा ट्रक थांबला आणि हिरव्या शालूतली एक पोरगी खाली उतरली. नव्या चपला चावत होत्या, म्हणून त्या हातात.

तिथं काका थांबले.

“मंग?” रेवानं विचारलं.

“मंग काय,” काका रस्त्याकडे बघत म्हणाले, “आत्ताच तर आली ती.”