मिठूला इंग्रजी येत नाही

नव्या शाळेचा अर्ज भरायचं काम आजोबांकडे गेलं, आणि तिथेच घोळ झाला.

घरातलं अर्धं सामान अजून खोक्यांत होतं. मिठूचे बाबा लिफ्ट दुरुस्त करत, आणि या नव्या शहरातल्या लिफ्टांनी त्यांच्या स्वागतासाठीच की काय, पटापट बंद पडायला सुरुवात केली होती. आईने चष्म्याच्या दुकानात नोकरी धरली होती. उरले आजोबा. त्यांनी चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली होती, तेव्हा अर्जात चूक म्हणून राहणार नाही याची सगळ्यांना खात्री होती. चूक राहिली नाहीच. प्रामाणिकपणा मात्र जरा जास्त झाला.

'मुलाला इंग्रजी किती येतं?' असा प्रश्न होता आणि पुढे तीन चौकोन होते. पूर्ण, बरंच, थोडं.

"पूर्ण?" आजोबा चष्मा कपाळावर चढवत स्वतःशीच म्हणाले. "चाळीस वर्षं मराठी तपासली, मला अजून मराठी पूर्ण येत नाही. आणि आठ वर्षांच्या पोरीला इंग्रजी पूर्ण?" 'बरंच'पाशीही त्यांचं पेन अडखळलं. शेवटी त्यांनी 'थोडं'वर खूण केली आणि 'घरात कोणती भाषा बोलता?' यापुढे सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'मराठी. अखंड.'

'अखंड' हे खास मिठूमुळे. तिचं ते टोपणनाव उगीच पडलेलं नव्हतं. घरी ती मराठीत बोलायची, आधीच्या शाळेत इंग्रजीत बोलायची, आणि झोपेत दोन्ही भाषांत.

सोमवारी शिपाईकाकांनी मिठूला वर्गात न नेता जिन्याखालच्या एका खोलीत नेलं. तिथे नऊ मुलं गालिच्यावर बसली होती, भिंतीभर चित्रं होती, कोपऱ्यात एक ड्रम होता आणि मधोमध एक उत्साही बाई उभ्या होत्या. या शाळेचा सगळा कारभार इंग्रजीत चाले, आणि ज्यांना इंग्रजी येत नाही अशा, घरी वेगवेगळ्या भाषा बोलणाऱ्या मुलांना या बाई आधी तयार करत.

बाईंनी स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं आणि एकेक अक्षर ताणत, मोठ्यांदा, इंग्रजीत सांगितलं, "मी... बा... ई! तू?"

मिठूला वाटलं, बाईंना कमी ऐकू येतं. तिने आपल्या छातीवर बोट ठेवलं आणि तितक्याच जोरात, तितकंच ताणून सांगितलं, "मी... मि... ठू!"

"शाब्बास!" बाईंनी टाळ्या वाजवल्या. "पहिल्याच दिवशी!"

नाव सांगितल्याबद्दल आजवर कुणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. मिठूला ही शाळा फार आवडली. शिवाय वरच्या मोठ्या वर्गातून व्यवहारी अपूर्णांकांचा आवाज येत होता आणि इथे ड्रम होता. तिने मनातल्या मनात काय तो हिशेब केला आणि गालिच्यावर मांडी ठोकली.

आठवडाभरात घरी चिठ्ठी आली. 'अभिनंदन! तुमची मुलगी आता इंग्रजीत पूर्ण वाक्य बोलते.'

बाबांनी चिठ्ठी दोनदा वाचली. "पूर्ण वाक्य? ही बया गेल्या वर्षी शाळेत पाऊण तास भाषण करून आली होती. घंटा वाजवून उतरवावं लागलं होतं."

"मग इथली पातळीच वरची असेल," आई काळजीने म्हणाली. "आपली मुलगी इथे ढ ठरतेय."

पोरगी ढ ठरणं बाबांना परवडणारं नव्हतं. सामानाच्या खोक्यांत मुलांची पुस्तकं काही सापडेनात, म्हणून त्यांनी लिफ्ट कंपनीचं जाडजूड इंग्रजी माहितीपुस्तक काढलं आणि रोज जेवणाआधी मिठूकडून दोन पानं वाचून घ्यायला लागले. मिठूने आठवड्यात 'बचावकार्य' हे प्रकरण संपवलं.

पुढच्या मंगळवारी वर्गातल्या एका मुलीचं डोकं स्वेटरमध्ये अडकलं. ती ओरडायला लागली. बाई धावल्या, पण त्यांच्याआधी मिठू उठली आणि खणखणीत इंग्रजीत म्हणाली, "कृपया घाबरू नका. बळजबरीने बाहेर पडण्याचा प्रयत्न करू नका. प्रशिक्षित कर्मचारी लवकरच पोचतील."

बाई मटकन खुर्चीत बसल्या. बावीस वर्षं शिकवत होत्या त्या. शून्यापासून 'प्रशिक्षित कर्मचारी'पर्यंत पंधरा दिवसांत पोचलेलं मूल त्यांनी पाहिलं नव्हतं.

स्वेटरमध्ये अडकलेली ती मुलगी म्हणजे टोपी. कायम लोकरी टोपी घालून बसायची म्हणून मिठूने तिचं हे नाव ठेवलं होतं. शाळेत येऊन तिला दोन महिने झाले होते आणि अजून एक शब्द बोलली नव्हती. मिठूशेजारी बसून कुणी गप्प राहायचं म्हणजे मिठूच्या प्रतिष्ठेचा प्रश्न होता. टोपी चित्रं मात्र सुंदर काढायची. एका चित्रात बोट होती, बोटीवर बकरी होती आणि किनाऱ्यावर एक टोपी घातलेली मुलगी.

"पुढे काय झालं?" मिठूने विचारलं. टोपी तिच्या भाषेत काहीतरी कुजबुजली. मिठूला अक्षरही कळलं नाही. तिने मराठीत विचारलं, ते टोपीला कळलं नाही. मग दोघींनी चित्रावर बोटं ठेवून, हातवारे करून, मध्ये मध्ये एकेक इंग्रजी शब्द घालून गोष्ट ओढायला सुरुवात केली. टोपी तिच्या भाषेत सांगायची, मिठू इंग्रजीत अंदाज करायची, आणि अंदाज चुकला की टोपी जोरजोरात मान हलवायची. ते बघून बाकीची मुलंही आपापल्या भाषेत आपापल्या गोष्टी सुरू करून बसली. बाईंनी आधी त्यांना गप्प करायचं ठरवलं. पण मुलं आधी आपल्या भाषेत मनसोक्त बोलली की मागोमाग इंग्रजीही बाहेर पडतं, हे त्यांच्या लक्षात आलं, आणि त्यांनी खडू खाली ठेवला.

अशी गंमत चालली असताना बाईंनी मिठूच्या आईला शाळेत बोलावलं.

आई दुकानातून तशीच धावत आली. बाईंनी तिला खुर्ची दिली आणि मोठ्यांदा, ताणून सांगितलं, "तु... मची... मुलगी... छान!" दिवसभर इंग्रजीत गिऱ्हाइकांशी बोलून घसा बसलेल्या आईला काय बोलावं ते सुचेना. ती नुसती बघत राहिली. बाईंना वाटलं, समजलं नाही. त्यांनी लगेच शाळेने ठरवलेल्या दुभाष्याला फोन लावला. फोनमधून धीरगंभीर मराठी आवाज आला, "आपल्या पाल्याने भाषासंपादनात अनन्यसाधारण गती प्राप्त केली असून तिची पूर्वस्थिती विचारात घेता ती स्तिमित करणारी आहे."

आईला बाईंचं इंग्रजी कळलं होतं. हे मराठी कळायला मात्र वेळ लागला. 'पूर्वस्थिती' या शब्दापाशी तिच्या डोक्यात प्रकाश पडला.

"माफ करा," ती घाईघाईने इंग्रजीत म्हणाली, "पण मला इंग्रजी येतं. आमच्या घरात सगळ्यांनाच येतं."

बाईंनी तिचे दोन्ही हात हातात घेतले. त्यांचे डोळे भरून आले. "मुलीने घरी जाऊन तुम्हालाही शिकवलं!"

"नाही हो, तसं नाही..."

"आणि किती सफाईदार!" बाई म्हणाल्या. "गुरुवारी समिती येतेय. एवढ्याशा मुलांना आख्खी खोली कशाला, असं म्हणतात. वर्ग बंद करून इथे खेळाचं सामान ठेवायचं चाललंय. आता मी त्यांना मिठू दाखवणार. ताई, तुमच्या लेकीने हा वर्ग वाचवला!"

आईने आपले हात हळूच सोडवून घेतले आणि घर गाठलं.

संध्याकाळी घरी दरबार भरला.

"मिठू, तू सांगितलं का नाहीस, तुला इंग्रजी येतं म्हणून?" बाबा गरजले.

"कुणी विचारलंच नाही. नाव विचारलं, ते सांगितलं."

"तीन आठवडे?"

"बाबा, तिथे ड्रम आहे," मिठू समजावणीच्या सुरात म्हणाली. मग आवाज बारीक करून म्हणाली, "आणि टोपीची बकरी अजून बोटीवरच आहे. मी गेले तर तिला कोण विचारणार, पुढे काय झालं ते?"

आई हळूच म्हणाली, "अप्पा, त्या अर्जात तुम्ही काय लिहिलं होतं हो?"

आजोबांनी सांगितलं. मग ते उठले. "सूनबाई, छापखान्यात चूक माझी असली की खाली मीच सही करायचो. गुरुवारी समितीच्या आधी जाऊन मी त्या बाईंना खरं सांगतो."

गुरुवारी चौघंही शाळेत लवकर पोचले. पण समिती त्यांच्याहून लवकर आली होती. जिन्याखालच्या खोलीत मुलं गालिच्यावर, समितीची तीन माणसं छोट्या छोट्या खुर्च्यांवर गुडघे हनुवटीला लावून, आणि दाराशी मुख्याध्यापिका. आजोबा तसेच आत शिरले. "मला एक कबुली द्यायची आहे," ते म्हणाले.

"पालकांचं मनोगत शेवटी," मुख्याध्यापिका गोड हसून म्हणाल्या आणि त्यांनाही एक छोटी खुर्ची दिली. एकदा तिच्यात बसल्यावर आजोबांना लवकर उठणं शक्यच नव्हतं.

बाईंनी मिठूला पुढे उभं केलं. समितीच्या अध्यक्षबाईंनी कागदावरून नजर वर केली. "तू आलीस तेव्हा तुला किती इंग्रजी येत होतं?"

पहिल्यांदाच कुणीतरी नीट विचारलं होतं. मिठूने नीट उत्तर दिलं. "सगळं."

बाईंचा चेहरा खडूसारखा पांढरा झाला. आईने डोळे मिटले. आजोबा खुर्चीतून निघायची धडपड करू लागले.

"सगळं?" अध्यक्षबाईंनी चष्मा सारखा केला. "म्हणजे या वर्गात तू काहीच शिकली नाहीस?"

सगळे आपल्याकडे बघताहेत म्हटल्यावर मिठूला चेव आला. हात नाचवत ती इंग्रजीत म्हणाली, "माय इंग्लिश इज मोअर बेटर दॅन एव्हरीबडी!"

"नो," मागून आवाज आला.

सगळ्यांच्या माना वळल्या. लोकरी टोपी उभी राहिली होती. बाईंचा हात आपोआप तोंडावर गेला.

"नॉट मोअर बेटर," टोपी शांतपणे म्हणाली. "ओन्ली बेटर." मग श्वास घेऊन तिने पुढचंही सांगून टाकलं. "अँड शी टॉक्स टू मच. माय गोट केम होम. शी नेव्हर लेट मी फिनिश."

कुणीतरी खुदकन हसलं, ते आजोबा होते. मग अध्यक्षबाई हसल्या, आणि त्यांची छोटी खुर्ची करकरली. मिठू अपमान विसरून टोपीकडे धावली. "आली? बकरी घरी आली? कशी आली? पोहत?"

"वेट," टोपी म्हणाली. "आय टेल." आणि तिने समितीला, मुख्याध्यापिकेला, सगळ्यांना बकरीची गोष्ट पहिल्यापासून सांगितली. जिथे शब्द अडला तिथे आपल्या भाषेतला घातला, चित्र दाखवलं आणि पुढे गेली. दहा मिनिटं ती बोलत होती. मिठू तोंडावर दोन्ही हात दाबून ऐकत होती. तिच्या आयुष्यातलं ते सर्वांत अवघड काम होतं. मध्येच बाईंनी डोळे पुसले, मग नाक पुसलं, मग अध्यक्षबाईंनी आपला रुमाल त्यांच्यापुढे केला.

गोष्ट संपल्यावर आजोबांना दोघांनी मिळून खुर्चीतून उपसलं आणि त्यांनी आपली कबुली दिली. ती ऐकायला कुणाचं फारसं लक्ष नव्हतं. अध्यक्षबाई टोपीला विचारत होत्या, बकरीचं नाव काय.

वर्ग राहिला. उलट खोली लहान पडते असं समितीने लिहून दिलं आणि मुलांना आपल्या भाषेत बोलू द्यायची बाईंची रीत सगळ्या वर्गांनी शिकून घ्यावी, अशीही शिफारस केली. मिठूची बदली मात्र त्याच दिवशी वरच्या मोठ्या वर्गात, अपूर्णांकांत झाली. जाताना तिने ड्रमवर एकदा थाप मारून घेतली.

मोठ्या वर्गात पहिल्याच मधल्या सुट्टीत मिठूने जिन्याखालच्या खोलीचं वर्णन केलं. गालिचा, चित्रं, गोष्टी, ड्रम, नाव सांगितलं तरी टाळ्या. तिने ते कसं केलं असेल हे सांगायला नको.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुख्याध्यापिका आल्या तेव्हा त्यांच्या दाराशी मोठ्या वर्गातली अकरा मुलं शिस्तीत रांग लावून उभी होती. सगळ्यांना रातोरात इंग्रजी येईनासं झालं होतं.